प्रकल्प नोंदवही: डोंगरातली उष्णतेची लाट मोजायची कशी?

२० एप्रिल २०२५, रविवार

वही उघडली. ओंकारचं म्हणणं, सगळं फोनमध्येच ठेवू. फोनमधलं कोणी परत वाचत नाही, म्हणून वही.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५च्या घरात गेलाय आणि आम्ही हिमालयातल्या उकाड्याचं बोलत बसलोय. बाबांनी विचारलंच, "इथलं काय कमी पडलं?"

हे काम कशासाठी, ते आधी लिहून ठेवते, कारण दोन महिन्यांनी हा प्रश्न आम्हालाच पडणार. गेल्या जूनमध्ये आमच्या ट्रेक गटाची एक तुकडी हिमाचलातल्या हम्प्ता खिंडीला गेली होती. खिंड ४,२७० मीटरवर. पण प्रसंग घडला तो त्याच्या बराच खाली, पहिल्याच चढाला, भर दुपारी. एकीला गरगरायला लागलं. डोकं ठणकतंय, मळमळतंय. सगळ्यांनी एकमुखाने निदान केलं: विरळ हवा बाधली. गोळी दिली, बसवून ठेवलं, तेही उन्हात तापलेल्या दगडावर, अंगातलं फ्लीस (उबदार जाकीट) तसंच. खाली आल्यावर डॉक्टर म्हणाले, तिला ऊन लागलं होतं. वेळीच सावली, पाणी आणि मीठ-साखर मिळती तर इतकं वाढलं नसतं. डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं ही दोन्हीकडची सारखी लक्षणं, तेव्हा फसायला होतं हे कबूल. पण हिमालयात ऊन लागू शकतं हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मे-जूनमध्ये आपण तिकडे जातो तेच मुळी गारव्यासाठी.

म्हणून सोळा पानी पुस्तिका, तुकडीप्रमुखांसाठी. ओंकार आकडे आणि नकाशे बघणार, मी लिहिणार. आणि वाईचे काका. बाबांचे मित्र, हवामान निरीक्षक म्हणून सगळी नोकरी तापमापी वाचण्यात गेली. त्यांना फोन केला तर म्हणाले, "डोंगरावर लाट येत नाही असं तुला सांगितलं कोणी? येते. तिला ओळखायची फूटपट्टी तेवढी आपल्याकडे तोकडी आहे."

२७ एप्रिल, रविवार

मंगळवारी पहलगामला जे झालं त्यानंतर वही उघडावीशी वाटत नव्हती. आमची काश्मीरची तुकडी रद्द झाली. पुस्तिकेतून काश्मीर वगळायचं का? ओंकार म्हणाला हो, मी म्हटलं नाही. ठेवलंय.

आज व्याख्येवर बसलो. हवामान विभागाच्या नियमाप्रमाणे मैदानी भागात कमाल तापमान किमान ४०, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंशांवर गेल्याशिवाय लाटेचा विचारच होत नाही. तिथून पुढे सरासरीशी तुलना. ४.५ ते ६.४ अंश जास्त असेल तर लाट, त्याहून जास्त तर तीव्र लाट. तेही एकाच हवामान उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. जाहीर होणार दुसऱ्या दिवशी.

ओंकारने लगेच कोड लिहून पहिला नकाशा काढला. एप्रिलभर महाबळेश्वर लालभडक, लडाख कायम पांढरं. तो खूश. मी काकांना फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन: "महाबळेश्वर एप्रिलमध्ये तसंही तिशीच्या वरच असतं की! सरासरीच्या फरकाची अट घातलीस का?" नव्हती घातली. घातल्यावर महाबळेश्वरचा लाल रंग जवळजवळ सगळा पुसला गेला.

लडाख मात्र पांढरंच राहिलं. बिघाड कोडमध्ये असता तर बरं झालं असतं.

४ मे, रविवार

लडाख पांढरं का, याचा छडा अर्धा लागला. ३० अंशांचा उंबरठा मधल्या उंचीच्या डोंगरांना ठीक बसतो. श्रीनगरची जुलैतली सरासरी कमालच ३०च्या घरात आहे, म्हणजे तिथे हा उंबरठा असून नसल्यासारखा. आणि तीन-साडेतीन हजार मीटरवरच्या गावात नेहमीच्या १९-२० ऐवजी २८ अंश झाले, तर सरासरीपेक्षा आठ अंश वर जाऊनही नियमाच्या लेखी लाट नाही! लोकांना भाजतंय, बर्फ वाहतंय, कागदावर सगळं थंड.

लेहचं उदाहरण घेतलंय. २०२४च्या जुलैअखेर तिथली विमानं उन्हामुळे रद्द झाली होती. कारण लाटेच्या व्याख्येत नाही, हवेच्या घनतेत आहे. धावपट्टी ३,२५६ मीटरवर. त्या उंचीला प्रमाण वातावरणात, म्हणजे विमानांच्या हिशेबासाठी धरलेल्या ठरावीक हवेत, उणे ६ अंश धरतात. वैमानिकांचा ठोकताळा असा की प्रमाणापेक्षा दर अंशामागे धावपट्टी सुमारे १२० फूट उंच गेल्यासारखी वागते. ३० अंश धरून गणित केलं तर लेहची धावपट्टी साडेचार हजार मीटरच्या वर गेल्यासारखी होते. पंखाखाली धरायला हवाच नाही. ३० अंशाला आपण पुण्यात स्वेटर शोधत नाही एवढंच; तिकडे विमान उडत नाही.

छड्याचा दुसरा अर्धा भाग जास्त लाजिरवाणा. ओंकारने हवामान विभागाची तापमानाची चौकटींची माहिती घेतली होती. ती १९५१पासूनची आहे, ३९५ केंद्रांच्या नोंदींवरून बनवलेली, देशाचं चित्र बघायला उत्तम. पण एक चौकट एक अंश अक्षांश गुणिले एक अंश रेखांश, म्हणजे बाजूला शंभर किलोमीटरच्या वर. महाबळेश्वर ज्या चौकटीत पडतं तिच्यात आणखी कोण आहे ते मी नकाशावर बोट ठेवून बघितलं: वाई, सातारा, कोयना, चिपळूण, दापोली आणि गुहागर. गुहागरचा समुद्र आणि महाबळेश्वरचं पठार यांना मिळून एकच तापमान! काकांना सांगितलं तर इतके हसले की काकूंनी फोन घेतला.

म्हणजे गेला आठवडाभर ज्या नकाशावर आम्ही भांडत होतो त्यात डोंगर नव्हताच. नऊ किलोमीटर चौकटीची दुसरी माहिती उतरवायला लावली आहे. पण सह्याद्रीत किंवा कुलूच्या खोऱ्यात नऊ किलोमीटरही खूप झाले, तेवढ्यात नदी, गाव, देवदाराचं रान आणि बर्फ असं सगळं येतं.

११ मे, रविवार

वाईला गेलो. बेत असा: वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर अशा चार ठिकाणी नोंदयंत्रं लावायची आणि चढताना तापमान किती उतरतं ते स्वतः बघायचं. पुस्तकात दर किलोमीटरला ६.५ अंश देतात. कोरड्या हवेत ते ९.८पर्यंत जातं. वाई ते महाबळेश्वर उंचीचा फरक साधारण साडेसहाशे मीटर, म्हणजे एका हिशेबाने सव्वाचार अंश आणि दुसऱ्याने जवळजवळ साडेसहा. नऊ किलोमीटरच्या चौकटीतून गावाचं तापमान काढायचं तर यातला कुठला आकडा धरायचा, हाच प्रश्न आहे. लाटेच्या दिवशी हवा कोरडी आणि तापलेली, तेव्हा दुपारी मोठा आकडा खरा ठरायची शक्यता जास्त. पहाटे उलटंच, दरीत थंड हवा साठते आणि वरचं गाव खालच्यापेक्षा उबदार असतं.

ओंकारने उत्साहाने पहिलं यंत्र काकांच्या गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. अर्ध्या तासात ४६! वाईत! त्याने लगेच फोटो काढला.

काका चष्मा लावून आले. "अरे, पारा खोटं बोलत नाही. पण त्याला उन्हात उभा केलास तर तो बिचारा उन्हाचंच सांगणार, हवेचं कसं सांगेल?" मग तासभर आमची शिकवणी. तापमापी ठेवायची स्टीव्हन्सन पेटी: पांढरी, दुहेरी झडपांची, जमिनीपासून सव्वा मीटरच्या सुमारास, दार उत्तरेला म्हणजे उघडताना ऊन आत शिरत नाही. आजूबाजूला भिंत नको, सिमेंट नको. सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेपाच. "तीस वर्षं, लग्नाच्या दिवशीसुद्धा," असं ते म्हणाले आणि काकूंनी आतून दुजोरा दिला, फार प्रेमाने नव्हे.

डोंगरात ही अडचण दुप्पट होते. सपाट, मोकळी जागा मिळते ती दरीत, गावाजवळ, रस्त्याला लागून. त्यामुळे केंद्रं तिथेच. उतारावर, कड्यावर, हिमनदीच्या काठावर पेटी कोण लावणार आणि रोज वाचायला कोण जाणार? हिमालय जितका वर तितका कमी मोजलेला, आणि तापतोय मात्र वरती जोरात.

लाकडाचा खोका सुताराकडे टाकला आहे. रंग ओंकारने द्यायचा.

१३ मे, मंगळवार

काल नेपाळमधल्या लांगटांग खोऱ्यात याला हिमनदीला निरोप देण्यात आला. फलक बसवला, बौद्ध भिक्षूंनी प्रार्थना केली. १९७०च्या दशकापासून ती ६६ टक्के आक्रसली आहे. यंदाचं वर्ष संयुक्त राष्ट्रांनी हिमनद्या वाचवण्यासाठीचं वर्ष म्हणून ठरवलंय आणि त्याच वर्षी हे.

पुस्तिकेत घालावं का? ओंकार म्हणतो विषयांतर. बरोबर आहे त्याचं. इथे लिहून ठेवते.

१९ मे, सोमवार

पान ५: उंचावर जास्त का तापतं. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. सगळीकडे "बर्फ कमी झालं की जमीन तापते" एवढंच लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण पुरेसं नाही.

आधी आकडे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या २०१९च्या अहवालाप्रमाणे आल्प्स, उत्तर अमेरिकेचा पश्चिम भाग आणि आशियातले उंच पर्वत इथे अलीकडच्या दशकांत दर दशकाला सुमारे ०.३ अंश वाढ आहे. जगाची सरासरी ०.२. हिंदुकुश-हिमालयाच्या पाहणीतलं वाक्य जास्त बोचतं: जगाची वाढ १.५ अंशांवर रोखली, तरी या पट्ट्यात निदान ०.३ अंश जास्त वाढ होईल आणि वायव्य हिमालय-काराकोरममध्ये निदान ०.७. म्हणजे आमच्या तुकड्या जातात नेमक्या त्याच बाजूला.

आता कारणं. बर्फाचं सगळ्यांना माहीत आहे. ताजं बर्फ ८० ते ९० टक्के ऊन परत फेकतं, उघडा खडक निम्माशिम्माही फेकत नाही. बर्फाची कड ज्या उंचीवर मागे सरकते तिथे वाढ सगळ्यात जोरात. त्यावर मैदानातून आलेली काजळी बसली की ते आणखी लवकर काळवंडतं.

दुसरं, बाष्प. उंचावरची हवा कोरडी. कोरड्या हवेत थोडंसं बाष्प वाढलं तरी जमिनीकडे परत येणारी उष्णता बरीच वाढते. कोकणात तेवढ्याच बाष्पाने फारसा फरक पडणार नाही, तिथे आधीच गोधडी जाड आहे.

तिसरं कारण ओंकारने वहीतच सोडवलं आणि मला सगळ्यात आवडलं. थंड वस्तू उष्णता बाहेर टाकण्यात मंद असते. समजा वरून दर चौरस मीटरला ४ वॅट जादा येऊ लागले. ३० अंशांवरच्या पृष्ठभागाला ते परत फेकायला ०.६३ अंश तापावं लागतं. शून्य अंशावरच्याला ०.८७. बर्फ नाही, बाष्प नाही, नुसत्या थंडपणामुळे हा फरक.

हे झालं पाया, म्हणजे नेहमीचं तापमान, वर उचलण्याचं. लाट वेगळी. लाटेच्या वेळी वर जास्त दाबाचा पट्टा ठाण मांडून बसतो, हवा खाली दाबली जाते आणि दाबली गेलेली हवा तापते: कोरडी हवा हजार मीटर खाली उतरली की सुमारे दहा अंश. ढग नाहीत, वारा नाही. असे पट्टे पूर्वीही यायचे. आता ते उचललेल्या पायावर येऊन बसतात, आणि खाली बर्फ नसेल, माती कोरडी असेल, तर ऊन पाणी सुकवण्यात खर्च न होता थेट हवा तापवण्यात खर्च होतं.

"पाया" हा शब्द ठेवते. काका म्हणाले, "पायरी म्हण." नाही. पायरी आपण चढतो, इथे जमीनच वर येतेय.

२७ मे, मंगळवार

काय लिहू! मोसमी पाऊस शनिवारी केरळात, सोमवारी मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर तो नोंदींच्या इतिहासात आला नव्हता. त्याआधीही महिनाभर वळवाने झोडपलंच. उष्णतेच्या लाटेवर प्रकल्प आणि पसरणी घाटात धुकं! चारपैकी एकच यंत्र लावलं होतं, पाचगणीला, त्यात पाणी गेलं.

सह्याद्रीचं मोजमाप या वर्षापुरतं रद्द. ओंकार नाराज. काकांनी समजूत काढली: "एका मे महिन्यावरून हवामान बदलाचं काही सांगायचं नसतं रे. ना तापला म्हणून, ना भिजला म्हणून." ही अख्खी ओळ प्रस्तावनेत घेतली आहे. त्यांचं नाव मात्र घालू देत नाहीत.

८ जून, रविवार

२०२२चा मार्च. पुस्तिकेतली मुख्य गोष्ट हीच ठरली.

त्या मार्चमध्ये देशाची सरासरी कमाल ३३.१० अंश, १९०१पासूनच्या नोंदीतली सर्वांत जास्त. पाऊस ८.९ मिलिमीटर, पडायला हवा होता ३०.४. हिवाळ्याच्या शेवटी भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयाला बर्फ आणि पाऊस देऊन जातात; त्या वर्षी ते जवळजवळ कोरडेच गेले. नंतर एप्रिल तापला. डोंगराला हा मार तीन बाजूंनी बसला: वरून नवीन बर्फ नाही, असलेलं लवकर वितळलं, आणि मैदानातली भट्टी दुपारच्या वाऱ्याबरोबर खोऱ्याखोऱ्यांतून वर चढत राहिली.

७ मे २०२२ला गिलगिट-बाल्टिस्तानमध्ये शिस्पर हिमनदीशेजारचं तुंबलेलं तळं फुटलं आणि हसनाबादचा काराकोरम महामार्गावरचा पूल वाहून गेला. त्याची चित्रफीत ओंकारने पाहिली आणि दहा मिनिटं काही बोलला नाही. पाऊस नाही, ढग नाही, लख्ख ऊन, आणि पूर.

पुस्तिकेत चौकटीत घालायचं: निरभ्र आकाश म्हणजे नदी सुरक्षित असं नाही. लाटेच्या दिवसांत ओढा सकाळी ओलांडावा. दुपारनंतर वितळलेलं पाणी खाली पोचतं.

हवामान बदलाचा हात किती, हेही लिहायचं होतं. त्या वर्षीच शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने वायव्य भारत-पाकिस्तानच्या लाटेचा हिशेब मांडला. पद्धत समजावून सांगायला सोपी आहे. आजच्या हवेत अशी लाट किती वेळा येईल ते काढायचं, मग जुन्या, कमी तापलेल्या जगात किती वेळा आली असती ते. उत्तर: आजही ती दुर्मीळच, शंभरात एक वर्ष, पण शक्यता सुमारे ३० पटींनी वाढली आहे आणि तीच लाट पूर्वीपेक्षा सुमारे एक अंश जास्त गरम. मी "हवामान बदलामुळे लाट आली" असं लिहिलं होतं. ते खोडून "फाशात ३०पट वजन घातलं गेलं" केलं. काकांना तेही पटलं नाही, जुगाराची उपमा म्हणून. शेवटी नुसता आकडा ठेवला. हा हिशेब मोठ्या प्रदेशाचा आहे, एका खोऱ्याचा नव्हे, हे खाली बारीक अक्षरात.

१५ जून, रविवार

वणव्यांचं पान. १३ जून २०२४ला अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वन विभागाचे चार जण त्याच दिवशी गेले. त्याच उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये, नैनितालची आग विझवायला हवाई दलाचं हेलिकॉप्टर बादल्या घेऊन आलं होतं. चीडच्या, म्हणजे तिकडच्या पाइनच्या, झाडाखाली वाळलेल्या सुयांचा थर, तिकडे त्याला पिरूल म्हणतात. कोरडा हिवाळा आणि त्यावर लाट, एवढं झालं की तो काडीची वाट बघत असतो. पानावर सूचना एकच: चीडच्या रानात चूल नाही, स्टोव्ह नाही, विडी नाही.

बाकी पान पटकन झालं.

२१ जून, शनिवार

पालख्या पुण्यात, रस्ते बंद, ओंकार येऊ शकला नाही. एकटीनेच फोनाफोनी केली.

मनालीच्या खालच्या अंगाला आमचा नेहमीचा मुक्काम असतो त्या घरच्या भाईजींशी बराच वेळ बोलले. त्यांनी मागच्या वर्षी पहिल्यांदा छताचा पंखा घेतला. जुनं घर दगड-लाकडाचं, भिंती जाड, खालच्या मजल्यावर गुरं; ते ना फार तापतं ना फार गारठतं. शेजारी बांधलेल्या नव्या खोल्या सिमेंटच्या, वर पत्रा. पाहुण्यांना त्याच हव्या असतात, "ॲटॅच" म्हणून. दुपारी तिथे बसवत नाही, असं तेच म्हणाले. थंडी आत येऊ नये एवढंच बघून केलेली ही नवी घरं ऊन मात्र आत घेऊन बसतात. यावर कोणी विचारच केला नव्हता, लागलाच कधी नव्हता.

सफरचंदाचं दुःख वेगळं. रॉयल जातीला हिवाळ्यात हजार-बाराशे तास सात अंशांच्या खालची थंडी लागते. ती भरली नाही तर फुलोरा मागेपुढे होतो, आणि फुलोऱ्यात उष्ण वारं आलं तर फळ धरत नाही. बागा वर-वर सरकतायत, किन्नौर, लाहौलकडे. त्यांच्या भावाने खालची बाग काढून डाळिंब लावलंय. "तुमच्याकडून आलं ते," म्हणाले. मी म्हटलं, तुमच्याकडूनही आमच्याकडे आलंय की: हिमाचलातल्याच बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी काढलेलं कमी थंडीचं सफरचंद महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी लावलंय. शर्मांना यंदाच पद्मश्री जाहीर झाली. भाईजी म्हणाले, "मग आता तुम्ही इकडे कशाला याल?"

हे सगळं सोळा पानांत बसत नाही. घराबद्दलची दोनच वाक्यं घेते: मुक्कामाला पत्र्याखालची खोली घेऊ नका, मिळालीच तर दुपारी अंगणात झाडाखाली बसा.

२९ जून, रविवार

ओंकार आल्प्सचं काहीतरी शोधून आला आणि आता त्याला तेच मुखपृष्ठावर हवंय. प्रकार खरंच विलक्षण. स्वित्झर्लंडमध्ये पायर्नहून रोज फुगा सोडतात आणि हवा कुठल्या उंचीला शून्य अंशावर जाते ते बघतात. २५ जुलै २०२२ला ती रेषा ५,१८४ मीटरवर होती, १९९५चा ५,११७चा विक्रम मोडून. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२३मध्ये, ५,२९८. माँ ब्लाँ, आल्प्सचं सर्वांत उंच शिखर, ४,८०० मीटरच्या जरासंच वर. म्हणजे त्या रात्री अख्ख्या आल्प्सवर मोकळ्या हवेत गोठण्याइतकी थंड जागाच नव्हती. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत स्विस हिमनद्यांनी दहा टक्के बर्फ गमावलं. ३ जुलै २०२२ला इटलीतल्या मार्मोलादावर हिमनदीचा तुकडा सुटला, अकरा गिर्यारोहक गेले. आदल्या दिवशी माथ्यावर दहा अंश होते.

काकांनी एका वाक्यात मुखपृष्ठ उडवलं. "हिमालयात उन्हाळ्याची शून्याची रेषा तशीही साडेपाच हजारांच्या आसपास किंवा वरच असते. तुमची पोरं आल्प्सचा आकडा वाचून म्हणतील, मग आपलं काही बिघडलं नाही." खरंय. अक्षांश वेगळा, उन्हाळा वेगळा, मोसमी पाऊस वेगळा. आकडा गेला, कारण ठेवलं: कड्यांच्या भेगांतलं बर्फ सिमेंटसारखं दगड धरून असतं, ते सुटलं की दुपारी दगड सुटतात. कड्याखालून जायचं तर पहाटे.

ओंकारचं तोंड एवढंसं.

६ जुलै, रविवार, आषाढी

साबुदाण्याची खिचडी खाताना ओंकारचा निरोप: काल श्रीनगर ३७.४. जुलैमध्ये तिथे इतकं १९५३नंतर झालं नव्हतं. सर्वाधिक ३८.३, तेही १० जुलै १९४६चं. पहलगाम ३१.६, तिथला आजवरचा उच्चांक, आधीचा ३१.५ मागच्याच वर्षीचा. जूनही काश्मीरला १९७८नंतरचा सर्वांत तापलेला गेला. शाळांना सुट्टी चालूच आहे.

दोन गोष्टी लगेच वहीत.

एक, १९४६चा विक्रम अजून मोडलेला नाही. कोणीतरी हमखास विचारणार: तेव्हा कुठे होता हवामान बदल? तेव्हाही दाबाचा पट्टा येऊन बसायचा, एखादा दिवस भाजून जायचा. प्रश्न एका दिवसाचा नाही, असे दिवस किती जवळजवळ येतात याचा आहे. पहलगामचे दोन उच्चांक एका वर्षाच्या अंतराने आलेत. हे पान ११वर जाईल, त्यासाठी काजळीचा परिच्छेद कापला.

दुसरं, आमची फूटपट्टी. ३७.४ हा आकडा पुण्यात कोणी वाचणारही नाही. जुलैत तिशीची सवय असलेल्या शहरात तो सात अंशांनी जास्त आहे, आणि ती घरं कांगडीच्या (निखाऱ्यांच्या शेगडीच्या) हिवाळ्यासाठी बांधलेली. पहलगामचे ३१.६ तर नियमाचा उंबरठा जेमतेम ओलांडतात. अजून थोडं वर, आरूकडे, उंबरठा ओलांडलाच जाणार नाही आणि ऊन मात्र तेवढंच लागेल.

म्हणून संध्याकाळी तक्ता पुन्हा केला. "लाट आहे / नाही" हा रकाना काढून टाकला. आता तीनच रकाने: ठिकाण, त्या महिन्याची नेहमीची कमाल, आजची कमाल. शेवटचा रकाना रिकामा, तुकडीप्रमुखाने रोज भरायचा. फरक पाच अंशांच्या वर गेला तर दुपारी बारा ते तीन चालणं बंद, मग आजचा आकडा २५ असो की ३५.

काकांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "नेहमीचा आकडा कुठल्या वर्षांचा धरलास?" १९९१ ते २०२०. "म्हणजे त्यातही थोडी वाढ आधीच मुरलेली आहे." हो, आहे. तशी तळटीप घातली.

१२ जुलै, शनिवार

पाऊस. सुताराकडचा खोका आला, रंग वाळत नाही, ओंकारच्या गॅलरीत वर्तमानपत्रावर उभा आहे.

यंदाच्या तुकड्या जाऊन आल्या, पुस्तिका पुढच्या वर्षीची. मुद्रितं वाचायला तिलाच दिली होती, हम्प्त्याच्या चढावर बसलेलीला. सोळा पानं तिने दोन दिवस ठेवली. शून्याची रेषा, ४ वॅट, ३०पट, कशालाच खूण नाही. पान तीनवर, "ऊन लागल्यास" या शीर्षकाखाली, पहिल्या ओळीच्या वर पेन्सिलीने लिहिलंय: "आधी फ्लीस काढा. मग काय झालंय ते विचारा."

ओळ जशीच्या तशी घेतली. सोमवारी छपाईला.